तिन्हीसांजेचा केर

निरोप या शब्दाला मराठीने दोन अर्थ दिले आहेत. कोणाच्या तरी हाती कोणासाठी तरी पाठविलेला शब्द, तो निरोप; आणि जाणाऱ्या माणसाला वेशीपर्यंत पोचवून मागे फिरणे, तोही निरोपच. पूर्वीच्या काळी या दोन अर्थांत फारसे अंतर नसावे. निरोप घेऊन निघालेला माणूस नदीला पूर आला म्हणून अलीकडेच थांबला, की आजारी पडून वाटेतल्या देवळात निजला, हे पाठविणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. शब्द दिला, की तो पोचला असे धरून चालायचे आणि उत्तराची वाट पाहायची, एवढेच हाती असे.

संगणकांच्या जगातही निरोपांची अशीच एक व्यवस्था आहे. तेथे एक आज्ञावली दुसरीला काम सांगते: या खात्यातून एवढी रक्कम काढ, त्या खात्यात जमा कर. दुसरी त्या क्षणी आणखी कशात गुंतलेली असली, तर पहिली तिच्या दाराशी खोळंबून राहत नाही. आपला निरोप ती एका रांगेत ठेवते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. दुसरीला उसंत मिळाली, की ती रांगेच्या तोंडचा निरोप उचलते, काम पार पाडते, आणि काम झाल्याची खूण करून तो निरोप रांगेतून काढून टाकते. या रांगेला मेसेज क्यू म्हणतात. रांगांचे शास्त्र जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 साली टेलिफोनवरच्या संभाषणांना संभाव्यतेचा सिद्धान्त लावून दाखविला, आणि त्यातून रांगेचे गणित उभे राहिले. रांग किती लांबेल, तीत उभ्या असलेल्याला किती वेळ थांबावे लागेल, हे ते गणित सांगते. रांग मध्येच मोडली तर तीत उभे असलेल्यांचे काय करायचे, हे मात्र ते सांगत नाही.

ते एखाद्या माणसाला ठरवावे लागते. हैदराबादेतल्या एका संगणककेंद्रात रात्रपाळीला बसणारा असा एक माणूस आहे. तो मूळचा सांगली जिल्ह्यातला. त्याच्या हुद्द्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे. पण सुटीत गावी गेल्यावर कोणी विचारले, तर ‘बँकेची यंत्रे सांभाळतो’ एवढेच तो सांगतो. गिऱ्हाईक आणि खातेवही यांच्यामध्ये उभी राहून सारे व्यवहार तडीस नेणारी जी आज्ञावली असते, तिला अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर अवचित कोसळला, की तो पुन्हा उभा करण्यापूर्वी त्याच्या मागे उरलेल्या निरोपांची आवराआवर करणे, हे त्या माणसाच्या कामांतले सर्वांत जोखमीचे काम.

सर्व्हर रीतीने बंद केला, तर जाण्यापूर्वी तो घर आवरतो. हातातले काम पुरे करतो, नवे घेत नाही, लावलेली कुलपे काढतो आणि मग जातो. कोसळताना त्याला ही उसंत मिळत नाही. स्मृती अपुरी पडते, डिस्क काठोकाठ भरते, आणि एका क्षणी तो असतो तो नसतो. मागे राहिलेली अवस्था ताटावरून उठून गेलेल्या माणसाच्या घरासारखी असते. भात कालवलेला असतो, पाण्याचे भांडे अर्धे असते, आणि विचारायला घरात कोणी नसते.

कुलपांचीही एक अडचण असते. एकाच निरोपाला दोघांनी एकदम हात घालू नये, म्हणून ज्याने तो उचलला तो तेथे कुलपाची एक छोटी फाइल ठेवतो आणि तीत स्वतःचा प्रक्रिया-क्रमांक लिहितो. लिहिणारा नाहीसा झाला तरी कुलूप राहते. नव्याने उभा राहिलेला सर्व्हर ते पाहतो आणि जो परत येणार नाही त्याची वाट पाहत बसतो. त्यातून संगणकाची रीत अशी, की संपलेल्या प्रक्रियेचा क्रमांक तो काही काळाने दुसऱ्या प्रक्रियेला देऊन टाकतो. मग त्या क्रमांकाचे कोणी जिवंत आहे का, असे विचारले, तर ‘आहे’ असे उत्तर येते. आणि पाहावे, तर ते भलतेच कोणी असते.

काही रांगा फाइलींत नसतातच. एटी अँड टी कंपनीने 1983 साली युनिक्सची ‘सिस्टिम फाइव्ह’ ही आवृत्ती बाजारात आणली. तीतल्या निरोपांच्या रांगा कार्यप्रणालीच्या गाभ्यात राहतात, आणि त्याच धर्तीच्या रांगा आजच्या लिनक्समध्येही आहेत. अशा रांगेला धनी असतो. पण धनी गेला म्हणून रांग जात नाही. ‘आयपीसीएस’ ही आज्ञा दिली, की त्या रांगांची यादी पडद्यावर उमटते. रांग कोणाच्या नावे आहे, तीत किती निरोप आहेत, ते किती बाइटचे आहेत, हे दिसते. आणखी खोदून विचारले, तर शेवटचा निरोप कोणी ठेवला आणि शेवटचा कोणी उचलला, त्यांचे क्रमांकही मिळतात. ‘आयपीसीआरएम’ ही दुसरी आज्ञा रांग नाहीशी करते. खरेच काढू का, असे ती विचारीत नाही.

ही साफसफाई टाळताही येत नाही. लिनक्समध्ये कोणी मुद्दाम मर्यादा वाढविली नसेल, तर अशा एका रांगेत 16384 बाइट मावतात. उरलेल्या निरोपांनी ती भरून राहिली, तर नव्याला जागा उरत नाही आणि निरोप ठेवायला आलेली आज्ञावली दाराशी तिष्ठत राहते. अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवितो, की यंत्रच बंद करून पुन्हा चालू करा. हा इलाज सर्वांना ठाऊक आहे आणि पुष्कळदा गुणही देतो. गाभ्यातल्या रांगा मात्र त्याने मागमूस न ठेवता पुसल्या जातात. यंत्र टवटवीत होऊन उठते, आणि आपल्यापाशी कोणाचे काही ठेवलेले होते, हे त्याला आठवत नाही.

डिस्कवरच्या रांगा अधिक सोशीक असतात. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या ‘सेंडमेल’ या टपालाच्या आज्ञावलीची रीत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. ती प्रत्येक पत्राच्या दोन फाइली करते. एकीत पाठविणारा, घेणारा आणि पत्राची आजवरची हकीकत असते, दुसरीत मजकूर. म्हणजे पाकीट वेगळे आणि पत्र वेगळे. कोसळण्याने ही जोडी फुटू शकते. मग मजकूर उरतो, पण तो कोणाचा हे सांगणारे पाकीट नसते. किंवा पाकीट उरते आणि आत काही नसते. या आज्ञावलीचा एक रिवाज विशेष शहाणपणाचा आहे. आपल्या आवाक्यात नसलेली गंभीर अडचण आली, की ती ते पत्र पुसत नाही. पाकिटाच्या फाइलीच्या नावातले पहिले रोमन अक्षर लहानाचे मोठे करून ठेवते. त्या एका अक्षराचा अर्थ असा, की हे आता माणसाने पाहावे. अडचण दूर झाली, की माणसाने ते अक्षर पुन्हा लहान करायचे, आणि पत्र पुढच्या वाटेला लागते.

टपालखात्यालाही हा विवेक ठाऊक होता. ज्या पत्राचा घेणारा सापडत नाही त्याच्यासाठी पूर्वी ‘डेड लेटर ऑफिस’ असे. भारतात पुढे त्याचे नाव ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ झाले. तेथे नेमलेल्या माणसांनी पाकीट उघडायचे ते पाठविणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी. पत्र मेलेले नाही, परत आले आहे, एवढा फरक त्या नव्या नावाने केला. संगणकवाल्यांनी मात्र जुनेच नाव उचलले. कितीदा प्रयत्न करूनही जे निरोप पोचत नाहीत, ते ज्या वेगळ्या रांगेत जाऊन पडतात, तिला आजही ‘डेड लेटर क्यू’ म्हणतात.

त्या माणसाच्या लहानपणी घरात आजीचा एक नियम होता. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही. दिवेलागणीला लक्ष्मी घरात येते, तेव्हा केरसुणी हातात घेऊ नये, असे ती म्हणे. नाइलाजाने काढावाच लागला, तर तो दारामागच्या कोपऱ्यात सारून ठेवायचा, आणि सकाळी उजेडात हाताने चाळून मग उकिरड्यावर न्यायचा. चिमणीच्या उजेडात नथीतला मोती, डूलाचा फासा किंवा चार आण्यांचे नाणे केराबरोबर सहज जाते, हे तिने कधी बोलून दाखविले नाही. लक्ष्मी कोणत्या रूपाने घरात येते आणि कोणत्या वाटेने जाते, हे त्याला पुष्कळ वर्षांनी, यंत्रांच्या त्या गारठलेल्या खोलीत उमगले. यंत्र कोसळते तेव्हा तेथे तिन्हीसांजच असते. काय मोडले, कोठे मोडले, कोणाचे काम कोठवर आले होते, यातले काही स्पष्ट दिसत नाही. आणि सारे झाडून लख्ख करण्याची घाई मात्र त्याच वेळी सर्वांत अधिक असते.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या एका रात्री असेच झाले. नोंदींच्या फाइली वाढत जाऊन डिस्क भरली आणि सर्व्हर बसला. काही मिनिटांतच वरिष्ठांचा फोन आला. जे काही मागे राहिले असेल ते काढून टाका आणि सुरू करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते निष्ठुर नव्हते, आणि चुकीचेही बोलत नव्हते. बाहेर कितीतरी माणसे पैसे पाठविण्यासाठी खोळंबली होती. रांगेत अडकलेल्या मूठभर निरोपांसाठी त्या साऱ्यांना किती वेळ थांबवायचे, हा प्रश्न खराच होता. त्याने दहा मिनिटे मागून घेतली.

पहिल्यांदा त्याने कोसळलेल्या सर्व्हरचे एखादे पोर मागे जिवंत राहिलेले नाही ना, हे पाहिले. कुलपावरचा क्रमांक चालू प्रक्रियांच्या यादीत होता. पण ती प्रक्रिया दुसऱ्याच कामाची होती, आणि सर्व्हर कोसळल्यानंतर जन्मलेली होती. कुलूप जुन्याचेच ठरले. डिस्कवर जागा केल्यावर रांगेतल्या सगळ्या फाइलींची एक नक्कल त्याने त्या दिवसाची तारीख नाव म्हणून दिलेल्या वेगळ्या कप्प्यात ठेवली. मग तीन वाटे केले. अर्धवट लिहिलेल्या फाइलींचा पहिला. त्यांची पोच पाठविणाऱ्याला मिळालेली नव्हती, म्हणजे मूळ निरोप अजून त्याच्याच हाती होता. त्या काढायला हरकत नव्हती. पुऱ्या लिहिलेल्या पण कोणी हात न लावलेल्या फाइलींचा दुसरा. त्या आपल्या क्रमाने पुन्हा रांगेत गेल्या. तिसरा वाटा उचललेल्या, पण काम झाल्याची खूण नसलेल्या निरोपांचा. असे सात निघाले. ते सात त्याने बाजूला ठेवले आणि सर्व्हर सुरू केला. दहा मिनिटे झाली होती.

खरे काम त्यानंतरचे. उचललेला निरोप आणि पुरे झालेले काम यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. यंत्र काम करून खूण करण्यापूर्वी कोसळले, की काम करण्यापूर्वीच कोसळले, हे फाइलीकडे पाहून सांगता येत नाही. दोन्ही फाइली सारख्याच दिसतात. पुन्हा पाठवावे, तर एकाच माणसाच्या खात्यातून दोनदा पैसे जाण्याचे भय. पुसून टाकावे, तर एकदाही न पोचण्याचे. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक दिलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या आरटीजीएस पद्धतीत तो 22 अक्षरांचा असतो, एनईएफटीमध्ये 16 अक्षरांचा. हा क्रमांक खातेवहीत सापडला, तर काम झाले; नाही सापडला, तर नाही. सातांपैकी चार सापडले. दोघांचा तेथे मागमूस नव्हता. ते पुन्हा रांगेत गेले. एक राहिला.

त्या एकाचे पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून निघाले होते. दुसऱ्या बँकेकडे निरोप गेला होता. उत्तर आलेले नव्हते. ते तिकडून निघालेच नाही, की निघून कोसळण्याच्या क्षणी दाराशी येऊन हरवले, हे या बाजूने कळण्याजोगे नव्हते. रक्कम मोठी नव्हती. अशा फाइलीत दोन खाती, एक आकडा आणि क्रमांक एवढेच बहुधा असते. या फाइलीत शेऱ्याच्या जागी रोमन लिपीत एक शब्दही होता: दवाखाना. तेलंगणात आणि महाराष्ट्रात सारखाच बोलला जाणारा शब्द. पाठविणारा कोणत्या गावचा होता हे त्यावरून ठरत नव्हते, आणि ठरविण्याची गरजही नव्हती.

या कोड्याला संगणकशास्त्रात दोन सेनापतींचे कोडे म्हणतात. दोन टेकड्यांवर एकाच बाजूच्या दोन फौजा आहेत आणि मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी चाल केली तरच जय मिळेल. वेळ ठरविण्यासाठी जासूद पाठवावा, तर तो दरीत पकडला जाण्याचा संभव. तो पोचला हे कळविणारा जासूदही त्याच दरीतून येणार, आणि त्याची पोच नेणाराही. कितीही जासूद धावले, तरी दोघांच्याही मनातली शंका पुरती फिटत नाही, हे 1975 साली तीन संशोधकांनी मांडले. त्याला हे नाव जिम ग्रे यांनी 1978 साली दिले. व्यवहाराची नोंद आधी कायम ठिकाणी करायची आणि मग व्यवहार करायचा, म्हणजे यंत्र कोसळले तरी नोंदीवरून पुन्हा उभे राहता येते. ही शिस्त पक्की करणाऱ्यांत ग्रे अग्रणी होते. त्यांना 1998 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पुढे 28 जानेवारी 2007 रोजी आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यासाठी ते सॅन फ्रान्सिस्कोहून ‘टेनेशस’ या आपल्या शिडाच्या नौकेतून एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले, आणि परतले नाहीत. संकटाचा कोणताही संदेश किनाऱ्याला आला नाही. तटरक्षक दलाने समुद्र धुंडाळला. स्नेह्यांनी उपग्रहाची छायाचित्रे मिळविली आणि हजारो अनोळखी माणसांनी घरी बसून ती तपासली. नौकाही सापडली नाही. 2008 साली बर्कलीच्या विद्यापीठात त्यांच्या सन्मानार्थ सभा झाली, तेव्हा तिला श्रद्धांजलीची सभा म्हणण्याचे टाळण्यात आले, कारण त्यांची नोंद तोवर ‘बेपत्ता’ अशीच होती. ज्यांनी हरवलेल्या निरोपांचा इतका विचार केला होता, त्यांच्या आप्तांना पाच वर्षे उत्तराविना काढावी लागली. 2012 साली कायद्याने त्यांना मृत मानले गेले. कायद्याला कोठेतरी खूण करावीच लागते.

अडकलेल्या पैशांनाही कायद्याने मुदत घातली आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने असे ठरविले, की यूपीआय किंवा आयएमपीएसने एका माणसाने दुसऱ्याला पाठविलेले पैसे खात्यातून वजा होऊनही पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत फिरावेत. त्यापुढे गिऱ्हाइकाला दर दिवसाचे 100 रुपये द्यावेत. हा नियम चांगला आहे. विलंबाला किंमत पडली, की केर कोपऱ्यात कायमचा साठत नाही. परंतु दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्या रात्री लागणारी गोष्ट शंभर रुपये नसते. पैसे गेले आहेत की नाहीत, याचे एक निश्चित उत्तर मिळाले, तर तो निदान दुसऱ्या कोणाकडे हात पसरायला मोकळा होतो.

पूर्वी बँकांचा दिवस मावळत असे. संध्याकाळी व्यवहार थांबत, आणि रात्रभर जमाखर्च जुळविता येई. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून अष्टौप्रहर चालू झाली, आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून. गरजवंताला त्याने मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण दार कधीच मिटत नाही अशा घरात केर केव्हा काढायचा, हा प्रश्न त्याबरोबर आला. आता माणसे ये-जा करीत असतानाच, त्यांच्या पायांखालून काय निसटले ते पाहावे लागते. रांग रिकामी झाली, हे पडद्यावर शून्य दिसल्याने कळते. ती पोचून रिकामी झाली की पुसून, हे त्या शून्यात दिसत नाही. ते फक्त पुसणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याने लिहून ठेवले, तरच दुसऱ्याला.

म्हणून त्या केंद्रात रात्रपाळीची एक कागदी नोंदवही आहे. त्या रात्रीच्या पानावर सात ओळी आहेत. चारांपुढे ‘झाले’, दोहोंपुढे ‘पुन्हा पाठविले’, आणि सातव्या क्रमांकापुढे ‘उत्तर नाही, समोरच्या बँकेला विचारणे’. ती फाइल तारखेच्या कप्प्यात तशीच राहिली. सकाळी दिवसपाळीवर आलेल्या मुलीने फोन केले, आणि शेऱ्याखाली आपल्या अक्षरात वेळा टिपल्या. दुसऱ्या रात्री तो कामावर आला, तेव्हा समोरच्या बँकेचे उत्तर आलेले होते. पैसे तेथे जमा झाले नव्हते. दुपारी ते पाठविणाऱ्याच्या खात्यात परत गेले होते. त्याने ते खात्यावर स्वतः पाहून घेतले. मग नोंदवही उघडून सातव्या ओळीपुढे ‘परत’ असे लिहिले, वेळ घातली, सही केली. आणि त्यानंतर ती फाइल काढून टाकण्याची आज्ञा दिली.